कोठार मोठे, किल्ली एकच

२६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियातील डेजॉन शहरात एका सरकारी इमारतीला आग लागली. आगीच्या बातम्या आपण रोजच वाचतो आणि पान उलटतो. ही आग मात्र निराळी होती. त्या देशाच्या सरकारचे संगणक जिथे एकत्र ठेवले आहेत, अशी ती इमारत. वीज गेली तरी यंत्रे चालू राहावीत म्हणून बसवलेल्या लिथियम बॅटऱ्या पाचव्या मजल्यावरून हलवण्याचे काम चालू होते. त्यातल्या एकीने पेट घेतला. साडेसहाशेच्या आसपास सरकारी यंत्रणा त्या रात्री ठप्प झाल्या. पुढे त्या टप्प्याटप्प्याने सुरू करण्यात आल्या. पण एक कोठार गेले ते गेलेच. ‘जी-ड्राइव्ह’ हे त्याचे नाव. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपल्या फायली टेबलावरच्या संगणकात न ठेवता या सामायिक कोठारात ठेवाव्यात, असे त्यांना सांगण्यात आले होते. ८५८ टेराबाइट मजकूर त्यात होता आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

का नव्हती? तर कोठार इतके मोठे होते, की त्याची बाहेर प्रत ठेवणे जमण्यासारखे नव्हते, असे उत्तर मिळाले.

छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाने हे उत्तर वाचून हसावे की कपाळाला हात लावावा? खजिना फार मोठा आहे म्हणून त्याची दुसरी किल्ली केली नाही, असे एखाद्या शाखाधिकाऱ्याने तपासनिसाला सांगितले असते, तर त्याचे पुढे काय झाले असते ते सांगायला नको. खजिना मोठा, म्हणून तर दुसरी किल्ली हवी!

हा प्रश्न कोरियाच्या सरकारपुरता असता, तर रविवारी सकाळी तुमचा चहा थंड करण्याचे मला काही कारण नव्हते. पण भोसरी असो, नाशिकचे अंबड असो, कोल्हापूरची शिरोली असो की वाळूज. वाढत्या वयातल्या प्रत्येक कारखान्यापुढे आज हाच प्रश्न उभा आहे. आपल्यापैकी अनेकांचा मुलगा, सून, जावई अशाच एखाद्या कंपनीत नोकरीला आहेत. कंपनीची यंत्रे विमा उतरवलेली असतात, इमारतही असते. पण तिच्या पंधरा-वीस वर्षांच्या कामाची स्मृती ज्या पेटीत असते ती पेटी बहुधा कुठल्या तरी कोपऱ्यात, पाण्याच्या कूलरशेजारी घरघरत असते. त्या पेटीवर साठ-सत्तर घरांच्या चुली अवलंबून आहेत, हे ती बंद पडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

आधी हे टेराबाइट म्हणजे किती ते पाहू. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने पहिली संगणकीय डिस्क बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि मावणारी अक्षरे सुमारे ५० लाख. माझी तीनशे पानी कादंबरी संगणकात साध्या मजकुराच्या रूपाने ठेवली, तर दीड मेगाबाइटच्या आसपास जागा घेते. म्हणजे त्या टनभर यंत्रात अशा दोन-तीन कादंबऱ्या कशाबशा बसल्या असत्या. आजच्या एका टेराबाइटमध्ये साडेसहा लाख बसतील. सुदैवाने तितक्या मी लिहिलेल्या नाहीत. आणि आता तळहाताएवढ्या एका डिस्कमध्ये तीस टेराबाइटसुद्धा मावतात.

मग जागा कमी का पडते? कारण जागा झाली की सामान वाढते, हा घरातल्या माळ्याचा नियम संगणकालाही लागू आहे. पूर्वी कारखान्यात एका सुट्या भागाचे एक निळे रेखाचित्र असे. आता त्याच भागाची त्रिमिती आकृती असते, तिच्या अकरा सुधारित आवृत्त्या असतात, तपासणीचे फोटो असतात, ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार असतो आणि या सगळ्यावर फाटकावरच्या कॅमेऱ्याचे चोवीस तासांचे चित्रण असते. कोणी काही पुसत नाही, कारण ‘पुढे लागले तर?’

ही साठवण करायची कुठे, याची दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे भाड्याची जागा, जिला ‘क्लाउड’ म्हणतात. मोठमोठ्या कंपन्यांच्या संगणकांवर आपला मजकूर ठेवायचा आणि महिन्याच्या महिन्याला भाडे भरायचे. सुरुवातीला हे सोयीचे असते. पेटी नको, वातानुकूलन नको, वीज गेल्याची चिंता नको. पण भाड्याच्या घरात घरमालकाची मर्जीही राहते. जुलै २०२५ मध्ये त्याचा दाखला आपल्या मुंबईतच मिळाला. नायरा एनर्जी ही गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणारी, मुंबईत मुख्य कार्यालय असलेली कंपनी. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के वाटा आहे. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. भारतीय कायद्याप्रमाणे चालणाऱ्या, सेवेचे पैसे भरलेल्या कंपनीला स्वतःचीच टपाले आणि स्वतःचाच मजकूर दिसेना. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि महिना संपता संपता सेवा पूर्ववत झाल्या. रशिया-युरोपच्या भांडणात कोण बरोबर, हा वेगळा विषय आहे. आपल्यापुरता बोध इतकाच, की ब्रसेल्समध्ये झालेल्या निर्णयाने मुंबईतल्या कपाटाला कुलूप लागू शकते.

दुसरे उत्तर म्हणजे स्वतःच्या जागेत स्वतःचे कोठार. माझा एक जुना कर्जदार भोसरीत साचे बनवतो. एका लेथवर सुरुवात केलेल्या या गृहस्थाची मुलगी आता कारखाना पाहते. मागच्या वर्षी ती तीन दरपत्रके घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “काका, यातलं तांत्रिक मला कळतं. पण हा पाच वर्षांचा निर्णय आहे, आणि तुम्ही बाबांच्या पाच वर्षांच्या अंदाजपत्रकांना लाल पेन्सिल लावायचात. तशी याला लावा.”

मी संगणकाचा पंडित नाही. पण कर्जाचा प्रस्ताव तपासताना जे प्रश्न विचारतात, तेच इथेही लागू पडतात असे माझ्या ध्यानात आले. ते सांगतो, कारण ते कोणालाही विचारता येतील.

पहिला प्रश्न वाढीचा. तिच्याकडे आज सहा टेराबाइट मजकूर आहे आणि मागच्या वर्षी दोनने भर पडली होती. विक्रेत्याने सरळ गुणाकार केला, की पाच वर्षांत आणखी दहा, एकूण सोळा. मी म्हटले, हे सरळव्याज झाले. मजकूर चक्रवाढीने वाढतो. कामे वाढतात, माणसे वाढतात, कॅमेरे वाढतात, आकृत्या जड होतात. दर वर्षी एक तृतीयांश वाढ धरली तर सहाचे आठ, आठाचे पावणेअकरा, मग चौदा, एकोणीस आणि पाचव्या वर्षाअखेर पंचवीस. सोळा आणि पंचवीस यांतला फरक म्हणजे चौथ्या वर्षी पेटी बदलण्याची पाळी.

दुसरा प्रश्न रिकाम्या खणांचा. कार्यालयातल्या जाळ्याला जोडलेल्या या पेटीला बाजारात ‘नॅस’ म्हणतात. तिला खण असतात आणि एका खणात एक डिस्क बसते. चार खणांची पेटी घेऊन चारही भरून टाकल्या, तर वाढीला जागा उरत नाही. आठ खणांची घेऊन चारच भरल्या, तर पुढच्या चार गरजेप्रमाणे घालता येतात. इथे थोडे गणित आहे. आठ टेराबाइटच्या चार डिस्क म्हणजे कागदावर बत्तीस. पण दोन डिस्क एकदम बिघडल्या तरी मजकूर शाबूत राहावा अशी रचना केली, तर दोन डिस्कएवढी जागा त्या सुरक्षेसाठी जाते आणि वापराला सोळा उरतात. त्यातही डिस्कवर छापलेले टेराबाइट दशमान पद्धतीचे आणि संगणक मोजतो तो निराळ्या मापाने, त्यामुळे प्रत्यक्षात दिसतात साडेचौदा. पुढे उरलेले चार खण भरले की मात्र वाढलेले सगळे बत्तीस पदरात पडतात, कारण सुरक्षेचा हप्ता आधीच भरलेला असतो. आणखी एक गोष्ट. या नेहमीच्या रचनेत आठाच्या जोडीला सोळाची एक डिस्क घातली, तरी तिचे आठच धरले जातात. मोठ्या पगाराचा माणूस कारकुनाच्या खुर्चीत बसवल्यासारखे ते होते.

डिस्क नंतर घेतली की स्वस्त मिळते, हा इतकी वर्षे खात्रीचा हिशेब होता. तो आता तितकासा खात्रीचा राहिलेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारलेल्या प्रचंड संगणककेंद्रांनी २०२५ च्या उत्तरार्धात मेमरी आणि साठवणीच्या सामानाचे भाव चढवले. तेव्हा रिकामे खण ठेवावेत, पण ते भरण्याचे पैसे अंदाजपत्रकात आजच्या भावापेक्षा चढे धरावेत.

तिसरा प्रश्न, खणात डिस्क कोणाची? या पेट्या बनवणाऱ्या तैवानच्या सिनॉलॉजी कंपनीने २०२५ मध्ये आपल्या ‘प्लस’ मालिकेच्या नव्या पेट्यांत आपण मान्य केलेल्याच डिस्क चालतील, असे धोरण आणले. गिऱ्हाइकांनी बरीच ओरड केली आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने त्या पेट्यांवरची अट सैल केली. पेटी वाढवता येते म्हणून घेतली आणि वाढवायला एकाच दुकानातून माल आणावा लागला, तर त्या वाढीची किंमत आपल्या हातात राहत नाही. बँकेच्या भाषेत हे आरंभीचा व्याजदर कमी दाखवून पुढचा न सांगण्यासारखे आहे. म्हणून दरपत्रकात पेटीची किंमत पाहावी, तशीच पाचव्या वर्षी घालायच्या आठव्या डिस्कची अटही लेखी मागावी. पेटी बंद पडली, तर तिच्यातल्या डिस्क दुसऱ्या कोणत्या पेटीत वाचता येतील, हेही त्याच कागदावर असावे.

इथवर विक्रेतेही आपल्याबरोबर असतात. खरी अडचण यानंतर सुरू होते.

१९८८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून एक भरवशाची मोठी डिस्क कशी करता येईल, हे त्यात मांडले होते. या रचनेला ‘रेड’ म्हणतात. प्राप्तिकर खात्याशी तिचा संबंध नाही. वर सांगितलेली दोन डिस्कची सुरक्षा ती हीच. कल्पना उत्तम आहे आणि सारे जग ती वापरते. पण तिच्यामुळे एक गैरसमज घट्ट बसला आहे, की पेटीत ‘रेड’ आहे म्हणजे प्रत आहे. तसे नाही. एखाद्या कर्मचाऱ्याच्या हातून फाइल पुसली गेली, तर आठही डिस्क आज्ञाधारकपणे ती पुसतात. खंडणीखोर प्रोग्रॅमने मजकूर कुलूपबंद केला, तर आठही डिस्क तो कुलूपबंद अवस्थेतच निष्ठेने सांभाळतात. आग, पाणी आणि चोर यांना तर एकाच पेटीतल्या आठ डिस्क म्हणजे एकच वस्तू.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयावर असा हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट मजकूर कुलूपबंद झाला आणि जवळजवळ दोन आठवडे देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाचे काम कागद-पेनावर चालले. तरीही रुग्णांच्या नोंदी परत मिळाल्या, कारण एका बॅकअप सर्व्हरपर्यंत हल्ला पोहोचला नव्हता. गेले ते १.३ टेराबाइट परत आले आणि कोरियाचे ८५८ आले नाहीत. दोन्हींमधला फरक यंत्राच्या किमतीचा नव्हता. एकीकडे दुसरी प्रत होती, दुसरीकडे नव्हती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: वाढते कोठार घेताना पेटी किती वाढते हे विचारून थांबू नये, तिच्याबरोबर तिची प्रत वाढते का ते विचारावे. कोरियात काय झाले असेल, ते कोणत्याही कारखान्यात होऊ शकते. पहिल्या वर्षी पेटी लहान असते, तिची प्रत साध्या सुट्या डिस्कवर निघते. तिसऱ्या वर्षी मजकूर त्या डिस्कमध्ये मावत नाही. मग ‘महत्त्वाच्या’ फायलींची तेवढी प्रत निघते. पाचव्या वर्षी महत्त्वाच्या कोणत्या ते ठरवणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. कोठार वाढत जाते आणि एके दिवशी त्याची प्रत काढणे ‘शक्य नसते’. तो दिवस कोणी ठरवून आणलेला नसतो. तो खरेदीच्या दिवशीच कागदावर आलेला असतो.

भोसरीच्या त्या दरपत्रकांत हेच निघाले. सर्वांत आकर्षक दरपत्रक आठ खणांच्या एका पेटीचे होते, आठही डिस्क भरलेली. जागा भरपूर; पण प्रतीचे नाव नाही. मी लाल पेन्सिलीने एकच ओळ लिहिली: ‘हेच सामान दोन ठिकाणी.’ आठ डिस्क त्याच, पेट्या मात्र दोन. एक कारखान्यात, एक तीन-चार किलोमीटरवर त्यांच्या दुसऱ्या शेडमध्ये. दोन्हींत चार-चार डिस्क आणि चार-चार खण रिकामे. खर्च वाढला तो एका पेटीचा. पुढे डिस्क घ्यायच्या त्या जोडीनेच घ्यायच्या, एका पेटीत घातली की दुसरीत घालायची, असे तिने खरेदीच्या नियमातच लिहून टाकले. शिवाय दर शनिवारी महत्त्वाच्या मजकुराची तिसरी प्रत सुट्या डिस्कवर निघते आणि ती डिस्क तारेपासून तोडून कुलपात जाते. तारेने जोडलेलीच नसलेली डिस्क इंटरनेटवरून कोणाला कुलूपबंद करता येत नाही.

यात नवे काहीच नाही. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागत, एक रोखपालाकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. एकट्याने ती उघडत नसे. किल्ल्यांचा दुसरा संच आमच्या शाखेत राहतच नसे. तो मोहोरबंद होऊन दुसऱ्या शाखेत जाई. आणि ठरावीक मुदतीने तो परत आणून, लावून, चालतो की नाही ते पाहून मग बदलावा लागे. नव्या पोरांना हा सोहळा वेळखाऊ वाटे. पण न लावून पाहिलेली किल्ली ही किल्ली नव्हे, लोखंडाचा तुकडा असतो.

हेच बॅकअपचे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नावाजलेल्या सॉफ्टवेअर कंपनीत रात्रीच्या घाईत एका अभियंत्याच्या हातून भलत्याच सर्व्हरवरचा मजकूर पुसला गेला. प्रती काढण्याच्या पाच व्यवस्था होत्या. ऐन वेळी त्यांतली एकही धडपणे उपयोगी पडली नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक नक्कल सापडली म्हणून थोडक्यात निभावले. जगाला संगणक शिकवणाऱ्यांची ही गत. तेव्हा महिन्यातून एकदा प्रतीतली एक फाइल परत काढून, उघडून, वाचून पाहणे हा हिशेबाचा मेळ घालण्याइतकाच नेमाचा भाग असला पाहिजे.

राहता राहिले पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर उपनगरातल्या एका शाखेत मला मदतीला पाठवले होते. व्हाउचरे दोऱ्यांवर वाळत घातली होती आणि जमिनीवर ठेवलेल्या संगणकाच्या डब्यातून गढूळ पाणी गळत होते. शाखा चौथ्या दिवशी उघडली, कारण आदल्या संध्याकाळची टेप शिपाई शिरस्त्याप्रमाणे दुसऱ्या शाखेत पोहोचवून आला होता. त्याचे नाव कुठल्याही अहवालात आले नाही. पुढे सांगली-कोल्हापूरने २०१९ मध्ये आणि चिपळूणने २०२१ च्या जुलैत जे पाहिले, त्यानंतर तरी साठवणीची पेटी तळमजल्यावर, जमिनीवर ठेवू नये हे सांगावे लागू नये. आजही सांगावे लागते.

कायदाही आता याच बाजूचा आहे. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात आणि ती संगणकावर असतील, तर त्यांची प्रत भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावी लागते. ऑगस्ट २०२२ पासून ही प्रत रोजच्या रोज हवी. पण कायदा हिशेबाच्या वह्यांपुरता बोलतो. साच्याची अकरावी आवृत्ती, तपासणीचा फोटो, वीस वर्षांच्या चुकांतून शिकलेले शहाणपण, यांची काळजी कायदा घेणार नाही. ती मालकाने घ्यायची.

स्वतःचे कोठार असावे, या मताचा मी आहे. जवळच्या जाळ्यावर काम झपाट्याने होते, इंटरनेट गेले तरी यंत्रे थांबत नाहीत आणि किल्ली आपल्या हातात राहते. भाड्याच्या जागेचा उपयोग तिसऱ्या प्रतीसाठी जरूर करावा. मजकूर कुलूपबंद करून पाठवला तर घरमालकाला आत डोकावता येत नाही. मात्र जितके दोनदा ठेवणे परवडेल, तितकेच ठेवायचे, असा दंडक हवा. परवडत नसेल, तर दोन वर्षांपूर्वीचे फाटकावरचे चित्रण पुसावे. प्रत कापू नये. पुसण्याचा निर्णय मालकाने सही करून घ्यावा, कारण तोही निर्णयच आहे.

उद्या सोमवार. तुमच्या घरातले जे कोणी कामावर जाईल, त्याला डबा देताना एवढेच विचारा, की तुमच्या कचेरीतली ती पेटी आज रात्री जळाली, तर मंगळवारी काम कशावर सुरू होईल? आणि त्याची खात्री शेवटची कोणत्या तारखेला करून पाहिली होती? तारीख सांगता आली, तर कंपनी बरी आहे असे समजा.